चुकलं म्हणायची रीत

शनिवारी अक्षदाला प्रोजेक्ट द्यायचा होता आणि नेमकं त्याच शनिवारी खाडीकाठच्या खारीतलं भात कापायची वेळ आली. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाचं वेळापत्रक खाडीला कोण दाखवणार? यंदा नव्या रस्त्याच्या भरावाचे डंपर बांधावरून गेले आणि बांध खचला. तक्रार द्यायला गेलेल्या तिच्या बापाला, गुणाजीला, रस्त्याच्या कामाच्या ऑफिसातल्या माणसाने दुपारपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसवून ठेवलं आणि मग स्वतः जेवायला निघून गेला. बांध खचलेला तो खचलेलाच राहिला. कोजागिरीच्या उधाणाला तिथून खारं पाणी आत शिरणार, हे कोपर स्टेशनच्या पलीकडच्या त्यांच्या गावात सगळ्यांना कळत होतं.

"पुनवेच्या आधी कापाला पायजे," गुणाजी म्हणाला. "राहील तं खाडीचं."

कापायला माणसं कोण, तर गुणाजी, त्याची बायको शेवंती आणि मुलगी अक्षदा. थोरल्या मुलाच्या, मितेशच्या, कमरेत नेमकी शुक्रवारी संध्याकाळी कळ आली. शर्यतीच्या बैलांमागे उन्हातान्हात धावताना ह्याच कमरेला कधी काही होत नसे. पण त्याला कुणी बोललं नाही. पोरगी मात्र विळा हातात घेऊन पहाटेच बांधावर हवी होती, तिला विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही. तिने शुक्रवारीच खानोलकर सरांना गाठून सांगितलं होतं, "सर, घरी कापणी आहे, सोमवारी दिला तर चालेल का?" सरांनी मोबाइलवरची नजर न काढता मान हलवली होती. ती मान म्हणजे होकार, असं तिने धरलं.

चिखल अजून पुरता सुकला नव्हता. पाय घोट्यापर्यंत आत जायचा आणि बाहेर काढताना कमरेला हिसका बसायचा. भाताच्या पात्यांनी हात चरचरत होते. दुपारपर्यंत अक्षदाच्या डाव्या हाताच्या बोटाला विळा लागला. शेवंतीने पदराची चिंधी फाडून बांधली आणि म्हणाली, "बस थोरी." बसायला जागा कुठे होती? नजर टाकावी तिकडे भात उभं आणि त्याच्यामागे नव्या टॉवरांच्या रांगा.

गंमत अशी, आणि गंमत म्हणताना सुद्धा अक्षदाच्या तळपायाची आग मस्तकात जाई, की तिचा प्रोजेक्ट होता तो ह्याच कापणीचा. पूर्वी गावात सावड असायची. आज सगळ्यांनी मिळून ह्याचं शेत कापायचं, उद्या त्याचं. ज्या घरून आपल्याकडे दोन हात आले, त्या घरी आपले दोन हात परत गेले पाहिजेत, हा नियम. कुणाचं शेत आधी पिकलं, कुणाचं बांधाजवळ आहे, कुणाच्या घरात बाळंतीण आहे, हे सगळं बघून पाळ्या लागायच्या. अक्षदाने ते सगळं प्रोग्राममध्ये बसवलं होतं. शेतं, हात आणि दिवस भरले की कोण कधी कुणाकडे जाणार, ते मशीन लावून देई. पाळी मात्र कुणालाच चुकवू देत नसे. मशीनमध्ये अख्खं गाव सावडीला येत होतं आणि खारीत तिघं जण वाकून मरत होते. बाकीच्या गावाने जमिनी विकल्या होत्या.

पुनवेच्या आत भात निघालं. रविवारी दिवसभर डोक्यावरून भारे वाहून तिघांनी घरामागच्या खळ्यावर रचले. त्या दुपारीच पाणी खचलेल्या बांधावरून आत आलं आणि कापलेल्या शेतात पसरलं. "वाचलो," गुणाजी म्हणाला आणि तंबाखू मळायला बसला.

सोमवारी अक्षदा कॉलेजात गेली तेव्हा मान वळत नव्हती. पेनड्राइव्ह पर्समध्ये होता. लॅबमध्ये शिरताच खानोलकर सरांनी तिला बसू दिलं नाही. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी दोन प्रोग्राम लावलेले होते. उजवीकडचा तिचाच होता, लॅबच्या मशीनवर तिने ठेवलेला अर्धा भाग. आणि डावीकडचाही तिचाच होता, फक्त वर नाव नील कारखानीसचं होतं.

"शनिवारी नीलने सबमिट केलं," सर वर्गाला म्हणाले. "स्टाफ शेड्युलर. कंपनीतला स्टाफ, साइट, शिफ्ट. प्रोफेशनल काम. आणि आता हे बघा आपल्या अक्षदाबाईंचं. साइटच्या जागी शेत. स्टाफच्या जागी हात. आणि शिफ्टच्या जागी काय? पाळी!"

मागच्या बाकांवरची पोरं फिसकन हसली. अक्षदाचे कान तापले. तिच्या घरात पाळी म्हणजे आज कुणाच्या शेतावर जायचं ते, आणि त्यात लाजण्यासारखं काही होतं हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"कॉपी करायलाही अक्कल लागते," सर म्हणाले. "नावं बदलली की चोरी लपली, असं वाटतं ह्या लोकांना."

"सर, हे माझंय," अक्षदा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "त्याने नावं बदललेली आहेत. माझ्याकडे लॅपटॉप नाही. लॅब पाचला बंद होते, म्हणून मी लायब्ररीत त्याच्या लॅपटॉपवर बसायची. सगळ्यांनी बघितलेलंय."

"म्हणजे त्याच्या लॅपटॉपमधून घेतलंस. कबूलच केलंस की."

नील पहिल्या बाकावर होता. पोरगा दिसायला बरा, वागायला गोड, कुणालाही चहा पाजणारा. लायब्ररीत अक्षदा त्याच्या लॅपटॉपवर काम करायची तेव्हा हा शेजारी मोबाइलवर बोटं फिरवत असायचा. "घे गं, त्यात काय," म्हणायचा. आणि तिला बिचारीला वाटायचं, किती मनाचा मोठा. आता तो स्वतःच्या नखांकडे बघत होता.

"सर, त्याला एकच विचारा," अक्षदा म्हणाली. ती पडद्यापाशी गेली आणि बोट ठेवलं. "ही इथली ओळ. ज्याच्याकडून माणूस आला त्याच्याकडे माणूस परत पाठवायचा, हे तपासते ती. सावडीत ते लागतं. कंपनीच्या स्टाफमध्ये ही कशाला पाहिजे? त्याला सांगू दे."

खानोलकर सरांनी नीलकडे पाहिलं. नीलने मान वर केली, घसा साफ केला.

"ऑप्टिमायझेशन आहे सर," तो म्हणाला.

"हां. ऑप्टिमायझेशन," सर म्हणाले आणि पडदा बंद केला.

संपलं. एवढा एक शब्द पुरला. सरांनी स्वतः शेवटचा प्रोग्राम कधी लिहिला होता देव जाणे, पण जो शब्द आपल्याला कळत नाही तो भारी असणार, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय नीलचे वडील कोलशेतच्या एका कंपनीत वरच्या खुर्चीवर होते आणि दरवर्षी त्यांचीच माणसं येऊन कॉलेजातली दहाबारा पोरं नोकरीला उचलत. यंदा दिवाळीनंतर ते येणार होते. केटी लागलेल्यांना, म्हणजे विषय मागे राहिलेल्यांना, त्यांच्या मुलाखतीला बसता येत नसे. अक्षदाने बसावं, निवडून यावं, म्हणून तर शेवंती तीन वर्षं बाजारात भाजीची पाटी घेऊन बसत होती.

"उद्या वडिलांना घेऊन ये," सर म्हणाले. "नाहीतर बुधवारी व्हायवाला बसू देणार नाही."

लॅबच्या दारात वल्लरी मॅडम उभ्या होत्या. वयाने अक्षदाहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या. ऑगस्टमध्ये अक्षदाने ह्यांनाच फळ्यावर चौकटी काढून सगळी सावड समजावून सांगितली होती आणि मॅडमनी टाळ्या वाजवल्या होत्या. अक्षदा त्यांच्या मागे जिन्यापर्यंत धावली.

"मॅडम, तुम्हाला माहितीये ना? तुम्ही बोला ना सरांशी."

मॅडमनी आधी जिन्याच्या वर पाहिलं, मग खाली.

"माझं वर्षावर्षाचं कॉन्ट्रॅक्ट आहे गं," त्या हळू म्हणाल्या. "तू समजून घे."

अक्षदाला सगळ्यांनीच समजून घ्यायला सांगितलं होतं, जन्मल्यापासून. ती निघाली. गेटजवळ नील बाइकवर बसलेला होता. त्याने हाक मारली, "अक्षू, अगं ऐक तरी. मी सरांना सांगतो, तिला पास करा म्हणून. टेन्शन नको घेऊ यार." तिने थांबून त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, कीव होती. ती बघून तिला वाटलं, विळा आज घरी राहिला तेच बरं झालं.

घरी झोडणी सुरू होती. गुणाजी फळीवर पेंढी आपटत होता, दाणे उडून खळ्यावर पडत होते, शेवंती पेंढा बाजूला सारत होती. अक्षदाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ती रडली नाही. तिने पर्स खुंटीला लावली, ओढणी कमरेला बांधली आणि पेंढी उचलली.

"तुजंच हाय ना ते?" शेवंतीने विचारलं.

"माझंच आहे आये."

"मंग मी येतं उद्या. तुज्या त्या सराला इचारतं, डोलं हायेत का फुटलेत."

"तू कशाला," गुणाजी म्हणाला. "तिथं साहेब लोक. तुजं तोंड सुटलं का मंग झालं. मी जातंय."

"तुमी गेलात ऑफिसला बांधाचं सांगाला. काय झालं?"

गुणाजीने पेंढी जोरात आपटली.

मंगळवारी तो नात्यातल्या एका लग्नात शिवलेली पॅन्ट घालून निघाला. शर्टाची वरची गुंडी लावली. कॉलेजच्या गेटवर वॉचमनने त्याला अडवून "कुठं, काका?" विचारलं, तेव्हा त्याने नकळत चप्पल काढायला पाय मागे घेतला. अक्षदा म्हणाली, "बाबा, असू दे चप्पल."

खानोलकर सरांच्या केबिनमध्ये दोन खुर्च्या होत्या. एकीवर कारखानीस साहेब बसलेले होते, पांढरा शर्ट, गळ्यात कंपनीचं कार्ड. दुसरीवर नील. चहाचे दोन कप होते, एक सरांचा, एक साहेबांचा. गुणाजी दाराजवळ उभा राहिला. त्याला बस असं कुणी म्हणालं नाही. अक्षदाने मनात सगळं जुळवून आणलं होतं. आधी ती ओळ, मग लायब्ररीतले साक्षीदार, मग सरांना म्हणायचं की मला आत्ता मशीनवर बसवा आणि त्यालाही बसवा, दोघांना कोऱ्या पडद्यावर लिहू द्या. ती तोंड उघडणार तेवढ्यात गुणाजी एक पाऊल पुढे झाला आणि त्याने दोन्ही हात जोडले.

"सायेब, आमचं चुकलं," तो म्हणाला.

अक्षदाने चमकून त्याच्याकडे बघितलं. गुणाजी मात्र शांत होता. हात तसेच जोडलेले ठेवून त्याने मान कारखानिसांकडे वळवली आणि तो वाट बघत राहिला.

कारखानीस साहेबांनी चहाचा घोट घेतला. "ठीक आहे हो," ते म्हणाले. "मुलं आहेत. चुका होतात. आमचं काही म्हणणं नाही."

गुणाजी अजून वाट बघत होता. साहेब काही उठले नाहीत.

"झालं तर मग," खानोलकर सर म्हणाले आणि त्यांची मुद्रा सैल झाली. "वडिलांनीच मान्य केलं, आता वाद कशाला वाढवायचा? अक्षदा, तुला पासिंगपुरते मार्क देतो. केटी नाही. कॅम्पसला बस. एवढं कोण करतं? उद्या व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांसमोर काही बोलायचं नाही, फक्त येऊन सही करायची."

"सर, पण मी—"

"अक्षदा. वडिलांनी हात जोडलेत. त्यांचा तरी मान ठेव."

मान! तिच्या बापाचा मान ठेवायला आता हे सांगणार होते. ती बापाला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. गेटाबाहेर तिने रिक्षा केली. खाडीच्या रस्त्याला उतरल्यावर तिच्या तोंडातून शब्द फुटले ते थांबेनात.

"कशाला बोललात? कुणी सांगितलेलं तुम्हाला? मी चोरी केली, असं तुम्ही सांगून आलात! माझं काम त्याचं झालं आता. कायमचं!"

"अगं, मी कुटं बोल्लो का तू चोरी केलीस?" गुणाजी गोंधळून म्हणाला. "मी बोल्लो, आमचं चुकलं. तसं तं बोलाचंच असतं."

आणि मग त्याने सांगितलं ते ऐकून अक्षदाला त्याचा राग करावा की काय करावं कळेना. गावकीत तंटा बसला की देवळासमोर दोन्ही घरांतला कर्ता माणूस उभा राहतो. खरं कुणाचं, खोटं कुणाचं, ते अजून कुणी काढलेलंच नसतं. आधी एकाने हात जोडून म्हणायचं, आमचं चुकलं. मग दुसऱ्यानेही उठून हात जोडायचे आणि तेच म्हणायचं. दोघांचे हात जोडले गेले की दोघं सारखे होतात आणि मग पंच विचारायला बसतात, काय झालं ते सांगा. जो आधी हात जोडतो तो मोठ्या मनाचा. गुणाजीने आयुष्यात असे चार-दोन तंटे मिटवले होते. त्याला वाटलं, साहेब उठेल. मग बोलणं सुरू होईल.

"तो उठला नाय," गुणाजी म्हणाला. त्याला अजूनही ते नीट कळलेलं नव्हतं. "मी हात जोडून हुबा, आन तो चाय पीत व्हता."

"ती गावकी नाही बाबा!" अक्षदा ओरडली. बांधावरच्या बगळ्यांनी माना वर केल्या. "तिथं जो हात जोडतो तो चोर! तुम्हाला आयुष्यभर सगळ्यांसमोर हात जोडायचीच सवय. बांधासाठी जोडले, काय मिळालं? आता मला पण घेऊन बुडालात."

बोलून झाल्यावर तिलाच कसंतरी झालं. गुणाजीचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. नखांत चिखलाच्या रेघा होत्या, अंगठ्याजवळ भाताने कापलेलं. तो पुढे चालू लागला आणि घरी पोचल्यावर पॅन्ट बदलून थेट खळ्यावर गेला.

शेवंतीला सांगावं लागलंच. तिने ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"तुमाला काय पोरीनं तंटा मिटवाला नेलतं?" ती नवऱ्याला म्हणाली. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. "ती खरं बोलाला गेलती. तुमी तिचं तोंड बंद केलंत. त्या सराला जमलं नसतं ते तुमी केलंत."

मितेश ओट्यावर पडल्या पडल्या म्हणाला, "जाऊ दे ना आये. पास तर करतायत. फुकटचं टेन्शन."

"तू कमर धरून परून ऱ्हा," शेवंती म्हणाली.

त्या दिवशी खळ्यावर अक्षदा पेंढी आपटत होती. एकेक पेंढी ती अशी आपटत होती, की फळी खालच्या दगडावरून सरकावी. खानोलकर. नील. ऑप्टिमायझेशन. दाणे संपले तरी ती मोकळी पेंढी आपटत राहिली. बोटाची चिंधी सुटली आणि पेंढ्याला रक्ताचा डाग लागला. दंड भरून आले, श्वास लागला, पण आतली आग काही कमी होईना. उलट वाढलीच. कारण सरांनी दिलेला सौदा वाईट नव्हता, हे तिला कळत होतं. पास. कॅम्पस. नोकरी. आईच्या डोक्यावरची पाटी उतरणार. फक्त त्याच कंपनीत शिरायचं जिच्या साहेबासमोर आपला बाप चोराचा बाप म्हणून उभा राहिला, आणि जन्मभर नीलने भेटेल तिथे हसून म्हणायचं, काय अक्षू, चिल ना?

ऊन उतरलं तसा गुणाजीने हात थांबवला. खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"मना नीट सांग," तो म्हणाला. "उद्या गप बसलीस तं काय?"

"पास. मुलाखतीला बसता येईल."

"आन मी बोल्लो ते मागं घेतलं तं?"

"मागं घेता येत नाही बाबा."

"घेतलं तं काय, ते सांग."

अक्षदाने पेंढी खाली ठेवली. "मग चौकशी लावतील. तोपर्यंत नापास. केटी. मुलाखत गेली. परीक्षा पुढच्या वेळी परत द्यायची, प्रोजेक्ट नवा करायचा."

गुणाजीने खळ्यावरचे पाचसहा दाणे उचलून तळहातावर चोळले, फुंकर मारली.

"म्हंजे चोर झालीस तं पास," तो म्हणाला. "आन नाय झालीस तं नापास."

"हो."

"परीक्षा तुजी हाय. तू सांगशील तसं."

तिने आईकडे पाहिलं. शेवंती सूप घेऊन वाऱ्याकडे तोंड करून उभी होती. तिने वळून बघितलं नाही, पण पाखडणं थांबवलं होतं.

"मला तसं पास नाही व्हायचं," अक्षदा म्हणाली.

"मंग झालं," शेवंती म्हणाली आणि पाखडू लागली. "पाटी काय, आनखी एक वरीस उचलीन."

बुधवारी लॅब भरलेली होती. बाहेरून आलेले परीक्षक, एक टक्कल पडलेले गृहस्थ, खानोलकर सरांच्या शेजारी बसले होते. वल्लरी मॅडम हजेरी घेत होत्या. नील नुकताच व्हायवा देऊन उठत होता. अक्षदाचं नाव पुकारलं तेव्हा ती आत गेली आणि तिच्या मागोमाग गुणाजी. आज तो कालची पॅन्ट घालून आला नव्हता. खळ्यावरचा शर्ट, त्यावर भाताची कुसळं, पायात चप्पल.

"अहो, इथे पालकांना परवानगी नाही," खानोलकर सर उठले. "अक्षदा, काय हे? तुला फक्त सही करायची आहे."

"मना एकच बोलाचं हाय," गुणाजी म्हणाला. "बोल्लो का जातंय."

"आपलं काल सगळं झालंय ना?"

"काल झालं तेच बोलतंय." गुणाजीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरले. अक्षदा त्याच्या मागे होती, तिला ते दिसत होते. "काल मी हात जोडलं. आमच्यात दोघांनी जोडाचं असतं. त्यो सायेब उठला नाय. म्हंजे मी चुकलो असं झालं. मी चुकलो नाय. माजी पोरगी चुकली नाय. ते हात मी मागं घेतो."

परीक्षकांनी चष्मा काढला. "काय प्रकार आहे हा?" त्यांनी विचारलं.

"काही नाही सर, कॉपीची केस आहे, मिटलेली," खानोलकर घाईघाईने म्हणाले आणि गुणाजीकडे वळले. आता आवाजात गोडी नव्हती. "असं मागं घेता येत नाही हो. समजतंय का तुम्हाला? मग मला मुलीला नापास करावं लागेल. चौकशी बसेल. कॅम्पस नाही, काही नाही. तिचं नुकसान करताय तुम्ही."

गुणाजीने वळून लेकीकडे पाहिलं.

अक्षदा पुढे झाली. "नुकसान मला माहितीये सर. प्रोजेक्ट माझा होता. तुम्ही त्याला एक प्रश्न धड विचारला असता तरी कळलं असतं. तुम्ही विचारला नाहीत." ती वल्लरी मॅडमकडे वळली. मॅडमनी हजेरीवरची मान वर केली नाही. नील दाराशी थबकला होता, तो हळूच बाहेर सटकला.

"मग शेवटचं विचारतो," खानोलकर म्हणाले. त्यांनी गुणदानाचा कागद पुढे ओढला. "पास लिहू की नापास?"

"नापास लिवा," गुणाजी म्हणाला. "चोर लिवू नका."

सरांनी परीक्षकांकडे पाहिलं, मग पोरांनी भरलेल्या लॅबकडे. शेवटी पेनाचं टोपण काढलं आणि अक्षदाच्या नावापुढे नापास लिहिलं. ते लिहून होईपर्यंत बापलेक दोघंही तिथंच उभे राहिले.